आज कोण भेटलं?

माझा धंदा दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्याचा. अशोकस्तंभाजवळ एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे. सातपूर-अंबडचे छोटे वर्कशॉपवाले, मेनरोडचे दुकानदार आणि दिंडोरी-निफाडकडचे काही बागायतदार एवढं गिऱ्हाईक. वर्षातले काही महिने रिटर्नच्या तारखांमागे धावण्यात जातात आणि उरलेले त्या तारखांच्या नावानं बोटं मोडण्यात. अशा माणसाला आनंद कुठल्या खात्यात टाकायचा ते कळत नाही, अशी माझ्या मुलीची पक्की समजूत आहे. म्हणून तिनं पुण्याहून एक वही पाठवली. जाड पुठ्ठ्याची, खुणेसाठी रेशमी फीत असलेली, आणि प्रत्येक पानावर वर छापलेलं, 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?' खाली तीन ओळी. रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिहायच्या, म्हणजे मन शांत राहतं. तिच्या ऑफिसात सगळे लिहितात म्हणे.

लिहायला बसलो. चहा, पाऊस, तब्येत. दुसऱ्या रात्री तब्येत, चहा, बायको. ही दुसरी नोंद बायकोनं वाचली आणि चहाच्या खाली आपला नंबर लागलेला बघून तिनं सकाळचा चहा मला करायला लावला. त्यानंतर तेच शब्द वरखाली करत राहिलो. आमच्याकडे काही गिऱ्हाइकांचा धंदा बंद असतो, पण नोंदणी चालू असते. त्यांचं जीएसटीचं निल रिटर्न दर वेळी भरावं लागतं. शून्य, शून्य, शून्य, सबमिट. वही तशी होऊ लागली. त्यात मुलीचा दोष नाही. पोरगी चांगल्या मनानं सांगते आणि तिला त्या वहीचा उपयोग होतही असेल. मला होईना, एवढंच. तब्येतीबद्दल मी कृतज्ञ आहे, हे खरंच आहे, पण कुणाचा? तब्येतीला काय तोंड आहे?

मग अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील. भांडीबाजारात तांब्यापितळेच्या दुकानात ते दिवाणजी होते. आमचं बिऱ्हाड पंचवटीत, वाड्यात. सकाळी गंगेवरून पलीकडे जायचे, रात्री दुकान वाढवून परत यायचे. (बाहेरच्यांसाठी सांगतो, नदी गोदावरी असली तरी नाशिककर 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणतात. हरिद्वारची तिकिटं काढायची नसतात.) दिवसभर रोजकीर्द लिहून बोटाला शाईचा डाग कायमचा. जेवायला पाटावर बसले की आम्हा भावंडांना एकच प्रश्न असायचा, "आज कोण भेटलं?"

शाळेत काय शिकवलं, मार्क किती पडले, हे आईचं खातं. अण्णांना माणसं हवी असत. "कोणी नाही" हे उत्तर चालत नसे. "कोणी नाही कसं? शाळेची घंटा आपोआप वाजली?" मग शिपाई आठवायचा. त्याचं नाव माहीत नसलं तर दुसऱ्या दिवशी विचारून यायचं. धाकट्या बहिणीला तर सवयच लागली, ती रस्त्यात कुणालाही थांबवून "तुमचं नाव काय?" असं विचारायची, आणि आईला त्याची धास्ती.

आमचं झालं की अण्णा स्वतःचं सांगत. त्यात बहुतेक वेळा गिऱ्हाइकं नसायची. लग्नाच्या भांड्यांची मोठी खरेदी झाली असली तरी त्याचा उल्लेख नाही. सांगायचे ते कल्हईवाल्याचं. दुकानाच्या मागच्या बोळात तो बसायचा. भाता हलवून निखारा फुलवायचा, पातेलं तापलं की नवसागराची पूड टाकायची, फस्सकन पांढरा धूर यायचा, आणि त्या धुरात हात घालून कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एका दमात पुसून घ्यायचं. काळपट पितळ चांदीसारखं होऊन बाहेर यायचं. एकदा अण्णा म्हणाले, "आज त्याच्या अंगठ्याला फोड आला होता, तरी चार पातेली करून गेला. चारही बघितली मी. एकाही ठिकाणी पितळ दिसत नव्हतं." मग ते जेवायला लागले. पुढे काही नाही. तात्पर्य वगैरे सांगायची त्यांना सवय नव्हती, आणि आम्ही विचारलंही नाही.

रंगपंचमीच्या दिवशी मात्र उत्तर ठरलेलं असायचं. नाशिकची रंगपंचमी रहाडीशिवाय होत नाही. पेशवाईतले दगडी बांधणीचे हौद, वर्षभर जमिनीखाली बुजवलेले. त्यांच्यावरून सायकली जातात, रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात, आणि नव्या माणसाला पायाखाली काय आहे याचा पत्ताही नसतो. रंगपंचमी जवळ आली की वरची माती आणि फळ्या काढून हौद उघडतात, साफ करतात, पूजा होते, पाण्यात रंग कालवतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौकातली पिवळी. मग काठावरून उडी, म्हणजे 'धप्पा'. जितका मोठा धप्पा तितके काठावरचे भिजणार. एरवी धोतराची निरी न मोडणारे अण्णा तिवंध्याला धप्पा मारून यायचे आणि दारात उभे राहिले की आई ओरडायची, "तिथंच थांबा, आत पाय टाकू नका!" रात्री आम्ही त्यांनाच विचारायचो, कोण भेटलं? "सगळे भेटले," अण्णा म्हणत, "ओळखू मात्र कोणी आलं नाही."

रहाडीतून वर यायला पायऱ्या असतात, पण गर्दीत त्या सापडत नाहीत. काठावरचा कोणीतरी हात देतो आणि वर ओढून घेतो. तो हात पिवळा, आपला हात पिवळा. कोणाचा होता ते कळायला मार्ग नाही. मोठेपणी मी उतरलो तेव्हा मलाही असंच कोणीतरी वर ओढलं आणि मी मान वळवेपर्यंत तो दुसऱ्याला ओढायला खाली वाकला होता. अण्णांच्या प्रश्नाला त्या दिवशीचं उत्तर अजून नाही.

आता जरा वेगळ्या दिशेनं जातो, पण विषय तोच आहे.

शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा हायवेला लागून त्रिरश्मी डोंगर आहे, त्यावर पांडवलेणी. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नावापुरता. ती बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली लेणी. आम्ही नाशिककर तिथे सकाळी व्यायामाला जातो. धापा टाकत पायऱ्या चढायच्या, लेण्यांकडे पाठ करून शहराचा फोटो काढायचा आणि खाली येऊन मिसळ हाणून जेवढं उतरवलं तेवढं परत चढवायचं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. एकदा दहाव्या लेण्याच्या ओसरीत पावसामुळे अडकलो. एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले होते आणि भिंतीवरचा ब्राह्मी लेख उलगडून सांगत होते. मी कान दिला, कारण त्यात व्याजाचा दर आला.

नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात यानं ते लेणं दिलं. काळ सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेण्याबरोबर त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. गोवर्धन म्हणजे आजही गंगापूर रोडनं पुढे गेलं की लागणारं गाव. २,००० एका श्रेणीकडे शेकडा एक दरानं, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच तेवढं वापरायचं. मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. माझी बोटं आपोआप हलायला लागली. दर महिन्याचा धरला तर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस बारे दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही! वर हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात कोरलेलं. ऑडिटला आणखी काय हवं असतं? पाऊस थांबला होता, पण मी हललो नाही.

त्याच लेण्यात उषवदाताच्या इतर दानांची यादी आहे, आणि त्यात मला सगळ्यांत आवडलेली बाब गाईंची किंवा सोन्याची नाही. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दहाणुका या नद्यांवर त्यानं नावेनं पलीकडे जाण्याची फुकट सोय केली. कोणीतरी बाई कडेवर पोर घेऊन तापीच्या काठावर आली असेल, कनवटीला काही नसेल, आणि नावाड्यानं 'बसा' म्हटलं असेल. तिला उषवदात माहीत असायचं काही कारण नाही. तिच्या लेखी नावाडीच.

श्रीमंतांचंच काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. आठवं लेणं बघा. ते मुगुदास नावाच्या 'दासका'नं सहकुटुंब दिलेलं. दासक म्हणजे कोळी असा अर्थ अभ्यासक लावतात. आणखी एका उपासकानं, धर्मनंदी त्याचं नाव, त्याच लेण्याला एक शेत दिलं. शेताच्या उत्पन्नातून तिथल्या भिक्खूला वस्त्र मिळावं म्हणून. एक वस्त्र! चैत्यगृहाच्या दारावरचा लेख तर अख्ख्या गावाचा आहे, धंभिक गावच्या नाशिककरांचं दान असा. सगळी डोंगराची कपार अशा नोंदींनी भरलेली. कोणी दिलं, काय दिलं, कशासाठी दिलं.

पण हिशेब लिहिणाऱ्याची नजर वाईट; न लिहिलेल्या रकान्यावर आधी जाते. दिलं कोणी ते आहे. खोदलं कोणी ते नाही. या कातळात छिन्नी घालून ज्यानं छत सपाट केलं, खांबांवर बैल आणि सिंह बसवले, ज्याच्या डोळ्यांत दगडाची पूड गेली, तो कोण भेटला होता उषवदाताला? अण्णांनी विचारलं असतं.

गेल्या हिवाळ्यात दिंडोरी तालुक्यात एका बागायतदाराकडे गेलो होतो. त्यांचं खतं-औषधांचं दुकान आहे, त्याचे हिशेब माझ्याकडे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तरी बागेचा खर्चही ते माझ्याकडून वेगळ्या वहीत लिहून घेतात. माणूस शिस्तीचा. ऑक्टोबर छाटणी होऊन घड सुटले होते आणि विरळणी चालू होती. ते दुकानात अडकले होते, म्हणून मी मांडवाखाली बांधावर जाऊन बसलो.

द्राक्ष कसं तयार होतं ते शहरात राहून मला ढोबळच माहीत होतं. वेलीवर घड येतो तो दाट, मणी एकमेकांवर चढलेले. तसाच ठेवला तर आतले मणी फुगत नाहीत, हवा खेळत नाही, कूज धरते. म्हणून दाटीचे मणी काढून टाकायचे. हातानं. प्रत्येक घडाचे. काम करायला पेठ-सुरगाण्याकडची टोळी आली होती. माझ्या समोरच्या ओळीत एक बाई होती, तिशीची असेल, डोक्याला फडकं, अंगात नवऱ्याचा फुल शर्ट. डाव्या हाताच्या पंजावर घड असा तोलून धरायचा की देठाला झटका बसू नये. उजव्या हातात बारीक टोकाची कात्री. घड जरा फिरवायचा, मधल्या एका पाकळीच्या, म्हणजे घडाच्या छोट्या फाट्याच्या, बुडाशी टोक घालायचं, टच. पुन्हा फिरवायचा. टच, टच. हिरवे कच्चे मणी पायाशी पडत होते. कात्री मण्याला लागली तर डाग पडतो आणि डागी मणी एक्स्पोर्टला चालत नाही. तिची कात्री एकदाही लागली नाही. निदान मी बघत होतो तोवर. घड सोडला की तो हवेत हलका झाल्यासारखा लोंबायचा आणि ती पुढच्या घडाखाली पंजा धरायची. मान सतत वर. तीन घडांनंतर बघूनबघून माझीच मान दुखायला लागली.

मी विचारलं, "दिवसाला किती घड होतात, ताई?"

"घड कोण मोजतो? ओळ मोजतो आम्ही." मग माझ्या मांडीवरच्या बॅगेकडे बघून म्हणाली, "तुम्ही काय औषधवाले?"

"नाही, हिशेब लिहितो. मालकांचे."

"मंग आमचा बी लिहिता का?"

लिहितो की. 'मजुरी – विरळणी' अशी एक ओळ असते. पूर्ण टोळीची, एकरकमी. मी तिला हो म्हणालो आणि ते खरंही होतं. मी नाव विचारल्यावर तिनं सांगितलं, माझंही विचारलं, पोरं गावाकडे आजीपाशी ठेवून आली आहे म्हणाली, आणि यंदा थंडी फार आहे, पहाटे हात उघडत नाहीत, असंही. निफाडकडे त्या आठवड्यात पारा फारच उतरला होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. घरी सांगितलं.

फेब्रुवारीत मेनरोडवर गाडीवर द्राक्षं आली तेव्हा मी अर्धा किलो घेतली आणि घरी येईपर्यंत निम्मी संपवली. गोड होती. ती त्याच बागेतली असण्याची शक्यता जवळपास शून्य, कारण तिथला माल परदेशी जातो. पण घड हातात घेतला की आता मी आधी मधली पोकळी बघतो, जिथे मणी नाहीत ती जागा. त्या पोकळीत कोणाची तरी कात्री जाऊन आलेली असते. माझी बायको म्हणते, आता खा, नाहीतर ठेव.

इथे एका गोष्टीवरून माझं लोकांशी वाजतं. समाधानी राहायचं तर आपल्यापेक्षा खालच्याकडे बघावं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. रस्त्यावर झोपलेला माणूस बघितला की आपलं छप्पर आठवावं, अपंग माणूस बघितला की आपले पाय. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली हेच येतं. मला हे मुळीच पटत नाही. ती बाई माझं समाधान वाढावं म्हणून मान वर करून उभी नव्हती. तिचं बघून 'बरं बाई, आपण एसीत बसतो' असं मनात आणणं म्हणजे तिच्या कष्टातून आणखी एक वस्तू फुकट उचलणं. आणि तिच्याकडे बघून मला खरोखर वाटलं ते वेगळंच होतं. तिच्या हाताचा हेवा वाटला. माझ्या तीसेक वर्षांच्या धंद्यात मी एखादी गोष्ट इतकी बिनचूक करत असेन का, असं वाटलं.

दुसरी एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे प्रत्येक गोष्टीत काहीतरी चांगलं शोधलंच पाहिजे ही जबरदस्ती. अण्णा गेले त्या दिवशी वाड्यात माणसं भरली होती. जो तो म्हणत होता, "सुटले बिचारे, अंथरुणात खितपत पडले नाहीत." मला त्यांच्या सुटण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते सकाळी होते आणि संध्याकाळी नव्हते, एवढंच दिसत होतं. त्या दिवसाची जमेची बाजू कोणी मला विचारली असती तर मी भांडलो असतो. दिवस तसा होता आणि तसाच राहू द्यावा.

तरी त्या दिवशीही कोणीतरी भेटलंच होतं, हे नाकारता येत नाही. मरणाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या काकूंनी पिठलं-भात करून आणला, कडू घास म्हणतात तो. या काकूंचं आणि आईचं नळाच्या पाण्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. त्या आल्या, पातेली ओट्यावर ठेवली, पदरानं हात पुसले, आणि आईकडे न बघता मला म्हणाल्या, "भात गरम आहे तोवर पोरांना घाल." बाकी एक शब्द नाही. सांत्वन नाही, सुटले नाही, देवाची इच्छा नाही. मी माझ्या पुतण्यांना जेवायला घातलं. आईनंही नंतर दोन घास खाल्ले. भातावर तूप होतं. पिठल्यात मिरची जरा जास्त होती आणि त्या दिवशी ते बरं पडलं, कारण डोळ्यांतून पाणी यायला निमित्त झालं.

अण्णांची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही, ती पुराची. गंगेला पूर आला की नाशिककर सेंटिमीटरमध्ये बोलत नाहीत, क्युसेकमध्येही नाही. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, तो आमचा मापदंड. पाणी कुठवर आलं? मारुतीच्या गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. छातीला लागलं. एवढं म्हटलं की गावातल्या कोणालाही कळतं की आता काय करायचं. घाटावरचा बुधवारचा बाजार उठतो, टपऱ्या ओढून वर नेतात. सराफबाजार, भांडीबाजार नदीच्या अंगालाच, त्यामुळे तिथल्या दुकानांचे डोळे मारुतीवर. अण्णांच्या दुकानाचा नियम होता, गुडघा ओला झाला की घंगाळं आणि हंडे पोटमाळ्यावर, कंबर ओली झाली की वह्या घरी. शेजारपाजारची दुकानं एकमेकांना हात देत. दारापासून जिन्यापर्यंत रांग लावून परात या हातातून त्या हातात. ज्यांच्यात गिऱ्हाइकावरून वर्षभर चढाओढ, तेच शेठ त्या रांगेत शेजारी-शेजारी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले मोठे पूर अण्णांनी पाहिले नाहीत. २०१९ च्या पुरात मी होळकर पुलापाशी गर्दीत उभा होतो. पाणी चहाच्या रंगाचं, अंगावर यावं तसं. शेजारचा एक अनोळखी म्हातारा म्हणाला, "मारुती गेला." आणि आम्ही दोघांनीही चपला काढून हात जोडले. भीती होती त्यात आणि खोटं कशाला बोलू, मजाही होती. पूर बघायला नाशिककर नटूनथटून येतात.

मला त्या मारुतीचं एक आवडतं. तो पाण्याची तुलना शेजारच्या गावाच्या पाण्याशी करत नाही, त्याच्याच अंगावर मोजायचं असतं. गेल्या वर्षी कुठवर होतं, यंदा कुठवर. माझी खुशाली मोजायला मला असं काहीतरी लागतं, आणि ते त्या छापील वहीत नव्हतं. वही आता मी दुसऱ्या कामाला लावली आहे. 'कशाबद्दल' या शब्दाकडे काणाडोळा करून खाली नावं लिहितो. लिफ्ट बंद होती तेव्हा वर्कशॉपवाल्याचा जो पोऱ्या फायलींचं खोकं वर घेऊन आला, त्याचं. सकाळी पाच वाजता पाण्याचा व्हॉल्व्ह सोडायला येतो त्याचं. इतकी वर्षं त्याच्या पान्याचा आवाज ऐकून कूस बदलली, पण चेहरा आता पाहिला. काही रात्री पान कोरं राहतं. तेव्हा कोरंच ठेवतो, निल भरत नाही. मुलीचा रविवारी फोन येतो तेव्हा ती विचारते, लिहिता ना? मी तिला नावं वाचून दाखवतो. मागच्या खेपेला मध्येच म्हणाली, "थांबा बाबा, आमच्या कॅन्टीनच्या दादांचं नाव मला माहीतच नाही."

सध्या गावात २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत. रस्ते उकरलेले, जिथे तिथे पाइप पडलेले, धूळ इतकी की सकाळी घातलेला पांढरा शर्ट दुपारी खाकी. परवा घराकडे येताना एका खड्ड्यापाशी गाडी अडली. आत उतरलेला माणूस पाइपाच्या सांध्यावरची माती हातानं काढत होता. आजूबाजूचे हॉर्न वाजवत होते, मीही वाजवणार होतो, पण त्याची बोटं बघत बसलो. वर आल्यावर त्यानं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि फळी टाकून मला वाट करून दिली. मी कुठले म्हणून विचारलं. म्हणाला, जालन्याकडचा, अंबड तालुका. आमच्याही गावात अंबड आहे, असं मी म्हणालो, त्यावर तो हसला. त्याला ते पहिल्याच दिवशी कोणीतरी ऐकवलेलं असणार.

मग त्यानंच विचारलं, "यंदा तुमच्याकडं पाऊस कसा झाला म्हणायचा?"

हा प्रश्न नाशिककर नाशिककराला गप्पा म्हणून विचारतो. त्याचा प्रश्न तसा नव्हता. आमच्या गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी नांदूरमध्यमेश्वरवरून पुढे जातं ते पैठणला, जायकवाडी धरणाच्या नाथसागरात. ज्या पुरात आम्ही पुलावर उभे राहून भेळ खातो, तो खाली मराठवाड्यात पुढच्या उन्हाळ्याचा हंडा असतो. भांडीबाजारात पोटमाळ्यावर परात चढवणाऱ्या रांगेनं या माणसाचा कधी विचार केला नव्हता, आणि मीही नाही.

"चांगला झाला की," मी म्हणालो. "मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं."

"कुठल्या मारुतीच्या?"

मी हातवारे करून सांगू लागलो. रामकुंड, दोन तोंडं, गुडघा, कंबर. मागची रिक्षा कर्कश वाजत होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या साहेब. नाथसागर किती टक्के भरला, ते सांगा."